निर्यातबंदीचं बिल कोण भरतं?

(हे आपल्या ताज्या एपिसोडचं लेखी रूप आहे. बोलताना जे अडखळले ते थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोलले तसंच.)

हेडफोन लावलेत ना? आज विषय कांदा. थांबा, लगेच स्किप करू नका. रेसिपी नाहीये. आज आपल्याला बघायचंय की दिल्लीत एका संध्याकाळी एक अधिसूचना निघते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निफाड तालुक्यातल्या एका घरातली फी, कर्ज, लग्न, सगळं कसं हलतं. आणि त्याच अधिसूचनेमुळे पुण्यात पीजीमध्ये राहणाऱ्या माझं महिन्याला नक्की किती वाचतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मजा येते. मजा म्हणजे, राग येतो.

ते घर माझ्या मामाचं. त्यामुळे मी तटस्थ आहे असं आधीच समजू नका. पण हिशेब मात्र सरळ मांडणार आहे, चुकले तर कॉमेंटमध्ये झापा.

डिसेंबर 2023 मधली गोष्ट. मामाचा दोन एकर लाल कांदा काढणीला आलेला. साधारण दीडशे क्विंटल माल. त्यातला चाळीस क्विंटल त्याने पहिल्या आठवड्यात विकला, छत्तीसशेच्या आसपास भाव मिळाला. मामी म्हणाली, "थांबा जरा, अजून चढंल." सगळेच असं म्हणत होते, कारण बाजारात माल कमी होता. आणि मग 8 डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, 31 मार्च 2024 पर्यंत. लासलगावला त्या आठवड्यात सरासरी भाव क्विंटलला चार हजारांच्या जवळ होता. महिन्याभरात तो निम्म्याच्याही खाली आला. मामाचा उरलेला एकशे दहा क्विंटल माल चौदाशे ते सतराशेच्या मध्ये गेला.

आता इथे कुणीही म्हणेल, मग थांबायचं ना, भाव वाढल्यावर विकायचा. हाच प्रश्न मी मामाला विचारला होता. तो फोनवर हसला. "अगं, हा लाल कांदा आहे. हा काय तुझा मोबाईल आहे का, कपाटात ठेवला आणि पुढच्या वर्षी काढला?"

हे जरा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आपल्याकडे कांदा वर्षभर मिळतो, पण तो एकच कांदा नसतो. पावसाळ्यात लावलेला खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून येतो. त्याच्या मागून उशिराच्या खरिपाचा, ज्याला आमच्याकडे रांगडा म्हणतात, तो जानेवारी-फेब्रुवारीत. आणि मार्च ते मे या काळात निघतो तो उन्हाळ कांदा. देशातलं साधारण सत्तर टक्के उत्पादन या उन्हाळ कांद्याचं. त्याची साल घट्ट, पाणी कमी, म्हणून तो चाळीत भरून ठेवता येतो आणि दिवाळीपर्यंत आपण तोच खात असतो. लाल कांद्यात पाणी जास्त. काढला की थोड्याच आठवड्यांत विकायलाच लागतो, नाहीतर सडतो, मोड येतात. म्हणजे डिसेंबरची बंदी नेमकी त्या कांद्यावर पडली ज्याला थांबण्याची सोयच नव्हती. मोठा व्यापारी थांबू शकतो, ग्राहक दोन दिवस कमी कांदा खाऊ शकतो. मामा ट्रॅक्टर भरून उभा होता.

बरं, बंदी एकदम आकाशातून पडली का? नाही. त्याआधी दोन पायऱ्या होत्या. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. मग ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य आलं, टनाला 800 डॉलर. म्हणजे त्यापेक्षा स्वस्तात बाहेर विकायचाच नाही. किलोला हे साधारण 67 रुपये होतात. आणि शेवटी पूर्ण बंदी. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, तुम्हाला त्याच्या रील्स आठवत असतील.

आता शुल्काचं गणित. बरेच जण म्हणतात, "शुल्क तर निर्यातदार भरतो, शेतकऱ्याला काय?" चला, कागदावर मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, खरे नव्हेत.

समजा दुबईचा खरेदीदार किलोला 42 रुपये द्यायला तयार आहे. त्याच्याहून जास्त नाही, कारण त्याला पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा तेवढ्यात मिळतो. त्यातले 12 रुपये पॅकिंग, ट्रक, बंदर, जहाज, निर्यातदाराचा नफा यात गेले. मग लिलावात निर्यातदार शेतकऱ्याला 30 पर्यंत बोली लावू शकतो. आता 40 टक्के शुल्क आलं. 42 पैकी 12 रुपये सरकारला गेले, कारण 30 वर 40 टक्के म्हणजे 12, बेरीज 42. उरले 30. त्यातून तेच 12 खर्चाचे वजा करा. राहिले 18. बोली 30 वरून 18 वर आली. दुबईवाल्याने एक पैसा जास्त दिला नाही. निर्यातदाराने नफा सोडला नाही. शुल्काची पावती त्याच्या नावावर फाटली, पैसे मात्र शेतकऱ्याच्या वाट्यातून गेले.

आणि पुढची गंमत अशी की लिलावात "हा दुबईचा कांदा, हा पुण्याचा कांदा" असे दोन ढीग नसतात. एका ट्रॅक्टरवर एकच बोली लागते. निर्यातदाराची बोली खाली आली की देशात विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही जास्त बोली लावायची गरज उरत नाही. म्हणून शुल्क बाहेर जाणाऱ्या मालावर असलं तरी भाव सगळ्याच मालाचा पडतो.

"पण निर्यात होते तरी किती?" असा एक प्रश्न एका ऐकणाऱ्याने व्हॉइस नोटमध्ये पाठवला होता. चांगला प्रश्न आहे. 2022-23 मध्ये देशात कांदा पिकला 300 लाख टनांच्या आसपास आणि बाहेर गेला साधारण 25 लाख टन. म्हणजे बारा पोत्यांतलं एक पोतं. मग एका पोत्याने एवढा काय फरक पडतो?

पडतो, कारण कांद्याचा स्वभाव विचित्र आहे. स्वस्त झाला म्हणून तुम्ही दुप्पट कांदा खात नाही. भाजीत दोन कांदे लागतात, भाव दहा असो की साठ, फार तर दीड घालाल. त्यामुळे बाजारात थोडासा माल जास्त झाला तरी तो खपवायला भाव खूप पाडावा लागतो, आणि थोडासा कमी पडला तरी भाव उसळतो. बाहेर जाणारं ते बारावं पोतं देशातच अडकलं, की ते स्वतः तर पडेल भावात जातंच, उरलेल्या अकरांनाही खाली ओढतं.

याचं अगदी उलटं टोक पण बघून घ्या. फेब्रुवारी 2023, म्हणजे बंदीच्या दहा महिने आधी. सोलापूर बाजार समितीत एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला 1 रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आले 2 रुपये 49 पैसे, आणि चेक निघाला 2 रुपयांचा. तो फोटो देशभर फिरला. त्या हंगामासाठी राज्य सरकारने नंतर क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत. म्हणजे किलोला साडेतीन रुपये.

माझा आक्षेप इथे आहे. भाव पडला तेव्हा "बाजार आहे, चालायचंच" आणि वर साडेतीन रुपये. त्याच वर्षी भाव चढला तेव्हा मात्र बाजाराला कुलूप. तोटा शेतकऱ्याचा स्वतःचा आणि फायदा सार्वजनिक. मी वाणिज्य शाखेची पदवी घेतलीय, पण असा धंदा कुठल्या पुस्तकात नव्हता.

आता दुसरी बाजू. ती नीट मांडल्याशिवाय हा एपिसोड म्हणजे नुसती मामाची कैफियत होईल.

सरकार हे का करतं? एक कारण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, निवडणूक. 1980 च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला होता. 1998 ला दिल्लीत भाजपचं सरकार गेलं त्यात कांद्याचा मोठा वाटा धरला जातो. त्यामुळे कांदा महागला की मंत्रालयांत घाम फुटतो, सरकार कुणाचंही असो.

पण फक्त निवडणूक म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. महागाईचा जो आकडा बातम्यांत येतो, तो काढताना घरखर्चाच्या शंभर भागांपैकी कांद्याला 2012 च्या मालिकेत 0.64 भाग दिलेला होता. ऐकायला काहीच नाही. पण कांद्याचा भाव दुप्पट झाला तर ढोबळमानाने तेवढ्या एकट्यामुळे महागाईचा दर अर्ध्या टक्क्याहून जास्त वर सरकतो. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4 टक्के, वर-खाली 2 ची सवलत. नोव्हेंबर 2023 मध्ये एकूण महागाई 5.55 टक्के होती आणि खाण्यापिण्याची 8.7. अशा वेळी अर्धा टक्का म्हणजे पुष्कळ. महागाई उतरली नाही की व्याजदर उतरत नाही. रेपो दर फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं 6.5 टक्क्यांवर होता तो काही कांद्यामुळे नव्हे, पण खाद्यपदार्थांची महागाई हे त्यातलं एक मोठं कारण होतंच. म्हणजे तुमच्या बाईकच्या किंवा तुमच्या बाबांच्या घराच्या ईएमआयचं आणि कांद्याचं लांबचं नातं आहे.

आणि तिसरं कारण सगळ्यात खरं. गेल्या वेळी एका श्रोत्याने लिहिलं होतं, "ताई, तुमचा मामा शेतमालक आहे. माझी आई धुणीभांडी करते. कांदा साठ झाला की आमच्याकडे फोडणीत कांदा नसतो." याला माझ्याकडे हुशार उत्तर नाहीये. महिन्याला बारा हजारांत चालणाऱ्या घराला दीडशे रुपये हे दीडशे रुपयेच असतात. शेतमजूर, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तोही कांदा विकतच घेतो.

तर आता ते दोन आकडे शेजारी ठेवू. चार माणसांचं घर महिन्याला साधारण पाच किलो कांदा खातं असं धरा. बंदीमुळे किलोमागे 30 रुपये वाचले, सढळ हाताने धरतेय, तर महिन्याला 150 रुपये. चार महिन्यांचे 600. मी एकटी असल्याने माझे दीडशे, म्हणजे दोन कॉफ्या. मामाचा 110 क्विंटल माल, क्विंटलमागे साधारण दोन हजारांचा फरक. 2 लाख 20 हजार. मामेभावाचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. हॉस्टेल आणि फी मिळून जी रक्कम कांद्यावर धरली होती, ती मामीच्या पाटल्या तारण ठेवून भरली. व्याज अजून चालू आहे.

आणि त्या बाईंच्या घरचे 600 रुपये वाचवायला हा एकच रस्ता होता का? मला नाही वाटत. बंदीने त्या घरालाही 600 मिळाले आणि बाणेरच्या चार खोल्यांच्या फ्लॅटलाही 600 च मिळाले. कांदा गरीब-श्रीमंत दोघंही जवळपास सारखाच खातात. म्हणजे ज्याला मदत हवी त्याला मदत पोचवण्यासाठी आपण सगळ्या देशाला सूट दिली, आणि त्या सुटीचा खर्च सरकारी तिजोरीने नव्हे तर नाशिक, अहमदनगर, पुणे, सोलापूर, धुळे इथल्या कांदा उत्पादकांनी भरला. हा कर आहे. फक्त तो बजेटमध्ये दिसत नाही, संसदेत त्यावर मतदान होत नाही, आणि पावतीही मिळत नाही.

त्यात पुन्हा शेतकऱ्याचा भाव जेवढा पडतो तेवढा आपल्या दारातला भाव पडतो असंही नाही. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ग्राहक कांद्यासाठी एक रुपया मोजतो तेव्हा शेतकऱ्यापर्यंत 36 पैसे पोचतात. बाकीचे 64 पैसे वाटेत, त्यात नासाडी आली, वाहतूक आली, प्रत्येक टप्प्यावरचा नफा आला. निर्यातबंदी या 64 पैशांना हात लावत नाही. ती दाबते ते 36 पैसे.

सरकारने बंदीखेरीज काहीच केलं नाही असं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये शुल्कानंतर गदारोळ झाला तेव्हा नाफेड आणि एनसीसीएफ यांच्यामार्फत आणखी 2 लाख टन कांदा 2,410 रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर झालं. एकूण साठ्याचं लक्ष्य 3 वरून 5 लाख टनांवर गेलं. शहरांत गाड्या लावून 25 रुपये किलोने कांदा विकला. कल्पना बरोबर आहे. स्वस्ताईत घ्यायचा, महागाईत सोडायचा. पण 5 लाख टन म्हणजे देशाच्या जेमतेम आठवड्याचा कांदा. आणि साठवायचा कुठे? चाळीत चार-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल वजनात घटतो किंवा सडतो, हे मामाच्या चाळीतही होतं आणि सरकारच्याही. लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाचा विकिरण प्रकल्प आहे, 'कृषक' नावाचा. विकिरणाने कांद्याला मोड येत नाहीत. वीस वर्षांपासून तो तिथे आहे. त्याच्या जोडीला पुरेशी शीतगृहं, वीज, तालुक्यातालुक्यात तशी केंद्रं, हे सगळं उभं राहिलं असतं तर डिसेंबरात कुलूप लावायची पाळी कदाचित आली नसती. पण शीतगृह बांधायला वर्षं लागतात आणि अधिसूचना संध्याकाळी टाईप होते.

आता बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे या. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा सगळ्यात मोठा खरेदीदारांपैकी एक. सप्टेंबर 2019 मध्ये आपण अचानक बंदी घातली. थोड्याच दिवसांत शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, त्यांनी भर कार्यक्रमात हसत हसत सांगितलं की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरायचा नाही असं सांगितलंय, आणि पुढच्या वेळी आधी कळवत जा. हशा पिकला. पुढच्याच वर्षी, 14 सप्टेंबर 2020 ला, आपण परत न सांगता बंदी घातली! आणि 2023 ला तिसऱ्यांदा.

तुमचा रोजचा चहावाला दर दोन वर्षांनी न सांगता चार महिने टपरी बंद ठेवायला लागला तर तुम्ही काय कराल? बांगलादेशने तेच केलं. स्वतःचं उत्पादन वाढवलं, आणि 2025 मध्ये स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आपला कांदा बराच काळ आत घेतला नाही. आखाताच्या बाजारात पाकिस्तान आणि इजिप्तने जागा धरली. हे गिऱ्हाईक बंदी उठली की आपोआप परत येत नाही.

बंदी उठायची गोष्ट तर वेगळीच. मार्चमध्ये ती पुढे वाढवली. मधल्या काळात सरकार-ते-सरकार म्हणून बांगलादेश, अमिराती यांना ठरावीक कोटा, तोही नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स लिमिटेड या संस्थेमार्फत. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली, आणि इकडे जो भडका उडाला तो विचारू नका. दोन दिवसांत सहा देशांना मिळून 99,150 टनांची परवानगी असल्याचं सांगण्यात आलं. मग 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान 20 मेला होतं. दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या, दिंडोरीत तर विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री हरल्या. कांदा हे एकच कारण नव्हतं, पण सत्ताधारी नेत्यांनीही नंतर कांद्याचा फटका बसल्याचं कबूल केलं. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, राज्याची विधानसभा निवडणूक तोंडावर होती. आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क पूर्ण काढलं.

झालं ना मग छान? मामाला मी तेव्हा फोन केला, अभिनंदन करायला. तो म्हणाला, "शुल्क काढलं, पण घेणारा कुठंय?" उन्हाळ कांद्याची आवक जोरात, बाहेरचं गिऱ्हाईक थंड, भाव खालीच. दार उघडलं तेव्हा बाहेर रांग नव्हती.

धोरणाचा खर्च फक्त त्या चार महिन्यांचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. मामाने आता दोन एकरांतला एक एकर मक्याला दिलाय. मका कमी देतो, पण रात्री झोप देतो, असं मामीचं म्हणणं. असं पुष्कळांनी केलं तर एखाद्या पावसाळ्यात कांदा परत कमी पडेल, भाव परत साठ होईल, आणि आपण परत त्याच अधिसूचनेची बातमी वाचू. मामाच्या चाळीचा अर्धा भाग सध्या रिकामाच आहे, तिथे मामेभावाची बाईक लावलेली असते.

तुमच्या घरी कुणी कांदा पिकवत असेल, किंवा तुम्ही बाजार समितीत, निर्यातीत, हॉटेलच्या किचनमध्ये काम करत असाल, तर डिसेंबर 2023 मध्ये तुमचा हिशेब काय झाला ते व्हॉइस नोटवर सांगा. एक मिनिटाच्या आत, आणि प्लीज, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. पुढच्या एपिसोडमध्ये साखर आणि इथेनॉल. त्यासाठी मी कोल्हापूरच्या आत्याला आधीच फोन लावलाय, तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे असं दिसतंय.